मेव्हण्याचा दोर

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून आम्ही बंगलेवाले. बंगला मॅडमचा, पण किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला.

सकाळी आंबीहून टेम्पो निघाला तेव्हा चाळीतल्या बायका प्रेरणाला सांगत होत्या की मळवलीत नुसती थंडी आणि माकडं. त्यांनी आता येऊन बघावं. गेटला लागून दोन खोल्या, गुळगुळीत फरशी, चोवीस तास पाणी आणि चक्क गिझर. प्रेरणा मोरीत उभी राहून नळ सोडत होती, बंद करत होती, परत सोडत होती. आंबीला तिसऱ्या मजल्यावर हंडे चढवण्यात तिची दोन वेळा बाळं गेली, एकदा तिसऱ्या महिन्यात, एकदा चौथ्यात. आता पाचवा लागलाय. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की पाणी उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत. दुपारी ती म्हणाली, आता इथून कुठं जायचं नाही हं. मी शब्द दिला. दिवाळीत कंपनीनं आमची लाइन बंद केली त्याचं आज पहिल्यांदा वाईट वाटलं नाही.

बारा वर्षं शिफ्टचा रिपोर्ट लिहिलाय. हात गप्प बसत नाही, म्हणून मोबाईलमध्ये ही रोजनिशी. पासवर्ड प्रेरणाला माहीत आहे, पण रेसिपीचे व्हिडिओ सोडून ती माझं लिखाण कशाला वाचतेय!

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुत्री राखायची असतील असं मला वाटलं होतं. निघाली कासवं! आफ्रिकेची, तीन. सुलतान साठ किलोचा, पाठ आमच्या कपडे धुवायच्या टबाएवढी. बेगम त्याच्या निम्मी. तिसऱ्याचं नाव छोटू, तोही काही छोटा नाही. मॅडम मुंबईहून दर दोन-तीन दिवसांनी व्हिडिओ कॉल करतात आणि आधी त्यांची तब्येत विचारतात. माझी विचारण्याचा प्रश्नच नाही.

नियम पाठ झालेत. सकाळी लसूणघास आणि भोपळा. उन्हं उतरली की तिघांना दिव्याच्या शेडमध्ये घालायचं, कारण थंडी बाधली तर न्यूमोनिया होतो. मागच्या अंगणातला ओटा इटालियन फरशीचा आहे, त्याला ओरखडा पडता कामा नये. मागच्या बाजूचा कॅमेरा माकडांनी उपटलाय, तो मॅडम आल्यावर बसवणार.

गवत कापायला वरच्या ठाकरवाडीतला सावळा येतो. काटकुळा, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. कासवांना तो देवच समजतो. देवळात शिरताना दगडी कासवाला करतात तसा रोज सकाळी सुलतानच्या पाठीला हात लावून कपाळाला लावतो. मी म्हटलं, सावळा, हा देव रोज दोन पाट्या शेण टाकतो, प्रसाद म्हणून घेऊन जा. तो हसला. माझ्या थट्टेला हसणारं माणूस मिळालं हे बरं झालं.

४ डिसेंबर, गुरुवार

कासवं बीळ पाडतात हे मला कोण सांगणार होतं? पेरूच्या झाडाजवळ सुलताननं पंधरा-वीस दिवसांत असं भगदाड पाडलंय की वाकून आत बघितलं तर शेवट दिसत नाही. तोंड अर्धचंद्राकृती, माणूस पोटावर सरपटत जाईल एवढं रुंद. उतरत उतरत ओट्याखाली गेलंय. पुढच्या पायांनी तो माती अशी मागे लोटतो की कंपनीतला जेसीबीवाला लाजावा. मॅडमला सांगितलं तर त्या खूश. म्हणाल्या, नॅचरल बिहेवियर आहे, बुजवू नका.

सावळाची बायको बाया प्रेरणाला रानभाजी आणून देते, रोज संध्याकाळी तिच्या कमरेला तेल चोळून देते. प्रेरणा तिला मावशी म्हणते. आईजवळ बसावी तशी तिच्याजवळ बसते. मला जरा मत्सरच वाटतो.

आज चहा पिताना सावळा मोहोळाच्या गोष्टी सांगत होता. कड्यावरच्या आग्या मोहोळाला तो दोरावरून उतरतो. वर दोर धरायला सख्खा भाऊ चालत नाही, बापही चालत नाही. मेव्हणाच लागतो, बायकोचा भाऊ. का, तर भाऊ वाटणीसाठी दोर सोडील, मेव्हणा सोडणार नाही, त्याला बहिणीचं कुंकू राखायचं असतं. “दत्तानं धरल्याबिगर म्या कंदी पाय सोडला न्हाई, दादा,” म्हणाला. दत्ता हा बायाचा भाऊ, कामशेतकडं वीटभट्टीवर असतो, रविवारी वाडीवर येतो. मी म्हटलं, माझा मेव्हणा माऊली, त्याच्या हातात दोर दिला तर तो रील बघत बसेल. सावळा यावर हसला नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

थर्टी फर्स्टला शेजारच्या तीन बंगल्यांत तीन डीजे. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. कोणाचा खून पडला तरी ऐकू येणार नाही असं मी प्रेरणाला म्हटलं, तर तिनं असलं अभद्र बोलू नका म्हणून गप्प केलं.

आज माऊली तिला वडिवळ्याला घेऊन गेला. सातव्या महिन्याचं डोहाळजेवण माहेरी, मग संक्रांतीला परत. खोली एकदम मोठी वाटायला लागली. निघताना तिनं नळाला हात लावला, बंद आहे ना बघायला.

६ जानेवारी, मंगळवार

सुलतान चार तारखेपासून वर आलेला नाही. थंडी कडक आहे. बिळाच्या तोंडाशी भोपळा ठेवला, मेथी ठेवली, पाणी सोडलं. काही नाही. बेगम आणि छोटू मुकाट शेडमध्ये जातात, हा शहाणा मात्र आत.

मॅडम फोनवर किंचाळत होत्या. उद्या दुपारी बारा वाजता व्हिडिओ कॉलवर सुलतान दिसला पाहिजे, नाहीतर टेम्पो बोलवायचा आणि खोली रिकामी करायची. ओटा फोडून वरून खणू का विचारलं तर म्हणाल्या, फरशीला हात लावलात तर बघा. मी होय मॅडम, होय मॅडम करत राहिलो. सातव्या महिन्यातल्या बाईला घेऊन मी आता कुठं जाऊ?

७ जानेवारी, बुधवार

जे झालं ते क्रमानं लिहितो. रिपोर्ट लिहितात तसं.

साडेदहाला सावळाला सांगितलं की आत जाऊन सुलतानला मागून ढकल. तो म्हणाला रविवारपर्यंत थांबा, दत्ता येतो. मी म्हटलं रविवारपर्यंत माझी नोकरी थांबत नाही. तो म्हणाला, “दादा, माती वली हाय. आन् दोर मेव्हण्यानंच धरायचा आसतो.” मी चिडलो. मी बारा वर्षं क्रेनखाली काम केलंय, तुझ्या एका दोराचं काय कौतुक. जाणार नसशील तर उद्यापासून येऊ नको, आणि बायालाही पाठवू नको. हे मी बोललो. बायाचं बोलायला नको होतं.

त्यानं चपला काढल्या, मातीला कपाळ टेकवलं, कमरेला दोर बांधला. खुणा ठरल्या. एकदा ओढला तर सैल सोडायचा, दोनदा ओढला तर थांबायचं, तीनदा ओढला तर वर खेचायचं. तो आत गेला. दहा-बारा हात दोर गेला.

बाराला दहा कमी असताना मॅडमचा कॉल आला. मागे नेटवर्क धड नसतं, आवाज तुटतो. मी दोर पेरूला बांधला आणि पुढच्या पडवीत गेलो. येतोय मॅडम, निघतोच आहे, असं म्हणत असताना मागे धप्प आवाज झाला. परत आलो तर बिळाला तोंडच नव्हतं. सगळी माती बसली होती आणि दोर सरळ मातीत गेलेला.

तो तीनदा हलला.

मी ओढला. जीव खाऊन ओढला. इंचभर आला नाही. परत तीनदा. मी फावडं आणायला वळलो आणि तिथंच उभा राहिलो. लोक बोलवायचे म्हणजे पोलीस येणार. पोलीस आले की विचारणार, कोणी पाठवलं, दोर कोणी धरला होता. प्रेरणा चौदाला येणार, आणि मी आत, आणि ती परत त्या तिसऱ्या मजल्यावर. मी ठरवलं की पाच मिनिटं वाट बघायची, आपोआप थांबेल. पाच मिनिटांनी थांबलं नव्हतं. दहा मिनिटांनीही नाही. पेरूचं झाड हलत होतं, पानं पडत होती, मला ते बघवेना. कोयत्यानं दोर कापला. टोक मातीत दाबलं. वरून घमेल्यांनी माती टाकली, एकेचाळीस घमेली, पायांनी चोपली. चपला बिळातच टाकायला हव्या होत्या, ते नंतर सुचलं.

आंघोळ केली. चहा केला, त्यात साखर फार पडली, तरी प्यालो. मॅडमला मेसेज केला, सुलतान आत सुखरूप आहे, श्वास ऐकू येतोय.

८ जानेवारी, गुरुवार

सकाळी सात वाजता सुलतान शेडच्या दारात उभा! अंगाला ताजी माती. बिळाचं दुसरं तोंड आहे, मेंदीच्या कुंपणात, पाल्याआड. तो केव्हाही स्वतःहून येऊ शकत होता.

मॅडमला फोटो पाठवला. त्यांनी तीन बदाम पाठवले.

९ जानेवारी, शुक्रवार

बाया आली. मी सांगितलं की बुधवारी दुपारीच तो गेला, आंबीला कोणी मुकादम माणसं भरतोय असं म्हणत होता. ती म्हणाली, “मला सांगितल्याबिगर ते कुटं जायाचे न्हाईत, भाऊ.” मग आत न येता गेटबाहेर बसून राहिली. दोन तास. चपला मी तोवर दुसऱ्या तोंडातून खोल भिरकावल्या होत्या.

सुलतान पेरूपाशी उकरतोय. नेमका तिथंच. तीनदा उचलून बाजूला केला, पाठ भरून आली. संध्याकाळी बघितलं तर हातभर रुंद भोक आत उतरलंय आणि त्यातून दोराचं टोक बाहेर आलंय.

टोक हललं. उंदीर असेल. छोटू आत असेल. छोटू शेडमध्ये होता, मी मोजून बघितलं.

१० जानेवारी, शनिवार

भर दुपारी हाक आली. दादा. मातीतून, घुमल्यासारखी. पहिल्यांदा वाटलं बेगम कण्हते तसं काहीतरी. मग परत, दादा.

आजी सांगायची, ओळखीच्या आवाजात हाक आली तरी ओ द्यायची नाही. ओ दिली की ते मागे लागतं. मी ओठ चावून बसलो. चार वाजता शेजारचा डीजे सुरू झाला तेव्हा त्या लोकांचे पाय धरावेसे वाटले.

११ जानेवारी, रविवार

दत्ता आला. बुटका, रुंद खांद्याचा, विटांच्या भुकटीनं लाल झालेला. भांडला नाही. मी मुकादमाचं परत सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. जाताना पेरूच्या बुंध्यापाशी थांबला. सालीवर दोराचा वळ उमटलाय. त्यावर बोट फिरवून म्हणाला, हे कशाचं? मी म्हटलं, कपडे वाळत घालायची दोरी. तो म्हणाला, “दोरी येवढी रुतत न्हाई.” आणि गेला.

तो उभा होता तेवढा वेळ आतून काही आलं नाही. तो गेटबाहेर पडला आणि हाक सुरू झाली. या वेळी दादा नव्हे. दत्ता, दत्ता.

मी रेडिओ लावला.

१२ जानेवारी, सोमवार

उतारा ठेवला. दहीभात, लिंबू, उकडलेलं अंडं, पत्रावळीवर. भोकाच्या तोंडाशी ठेवून, मागे न बघता आलो. आत बसलेलं शांत व्हावं. वरून दोन बादल्या पाणीही ओतलं, गोमूत्र घालून.

१३ जानेवारी, मंगळवार

उतारा गेलाय. पत्रावळीसकट. बरं वाटलं, घेतला म्हणजे आता सोडील.

सोडलं नाही. दोर हलतोय. तीन. थांबून तीन.

आज लसूणघास कापताना एक विचार मनात आला, तो मी इथं लिहिणार होतो. नाही लिहीत. माणूस मातीखाली सहा दिवस — शक्य नाही. भूतच आहे. भूत असलेलं परवडलं, भुताला दहीभात चालतो. दुसरं काही असेल तर फावडं घ्यावं लागेल, आणि सहा दिवस का नाही घेतलं हे सांगावं लागेल.

परत उतारा ठेवला. भात जास्त घातला.

१४ जानेवारी, बुधवार

प्रेरणा आली. हलव्याचे दागिने अंगावर तसेच, हिरव्या बांगड्या, चेहरा भरलाय. दारात पाय ठेवल्याबरोबर विचारलं, बाया मावशी कुठंय? मी मुकादमाचं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना फार सरळ सांगता आलं.

तिला मागच्या अंगणात जायला बंदी केली. म्हटलं पोटुशी बाईनं तिकडं जाऊ नये, जागेचं काहीतरी उठलंय. ती माझ्याकडं बघत राहिली. कंपनीत असताना अमावस्येलाही नवीन मशीन सुरू करणारा माणूस मी.

संध्याकाळी तिळगूळ घेऊन ती गेटवर बायाजवळ बसली. बायानं घेतला नाही. मालकाच्या आधी तोंड गोड करत न्हाई, म्हणाली.

१५ जानेवारी, गुरुवार

आवाज बारीक झालाय. दिवसातून दोनदा. दोर नुसता थरथरतो. सुटत चाललंय, उताऱ्याचा गुण.

आईला फोन करायचा म्हणून प्रेरणानं माझा मोबाईल घेतला, तिचा रिचार्ज संपलाय. बराच वेळ मोरीत होती. नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा ओकून आल्यासारखी दिसत होती. डॉक्टरीणबाईंकडं जाऊ या का म्हटलं. नको म्हणाली.

तेव्हापासून बोललेली नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

बेगम कालपासून आत आहे. तेच बीळ, मेंदीकडचं तोंड. मॅडम रविवारी स्वतः येणार आहेत. बेगम दिसली नाही तर — तेच टेम्पोचं.

वाडीतलं कोणी कामाला यायला तयार नाही. मला जावं लागणार. हे प्रेरणाला सांगितलं तर ती भांडी घासत, माझ्याकडं न बघता म्हणाली, माऊलीला बोलावते. दोर तो धरेल. मेव्हणाच लागतो ना?

कालपासूनचं पहिलं वाक्य! मला रडूच आलं. तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं ठेवू दिला.

१७ जानेवारी, शनिवार

माऊली आलाय. नवा दोर आणलाय, नायलॉनचा. माझ्याशी फारसं बोलला नाही, पण तो नेहमीच रीलमध्ये.

प्रेरणा सकाळी वाडीवर चढून गेली, तिळगूळ द्यायला. या अवस्थेत! आली तेव्हा डोळे लाल. चुलीचा धूर, म्हणाली.

रात्री तिनं भरली वांगी केली, माझ्या आवडीची, आणि समोर बसून वाढली. स्वतः जेवली नाही. मी म्हटलं, बेगमला काढली की सगळं सुरळीत, आपण इथून हलत नाही. ती म्हणाली, नाही, आता नाही हलायचं.

आज दिवसभर आतून काही आलं नाही. दोर गप्प. संपलं.

१८ जानेवारी, रविवार

आतून लिहितोय. नेटवर्क नाही. हात पुढे, टॉर्च पेटलेला. क्रमानं —

नऊला शिरलो. माऊली तोंडाशी. दहा हात उतार, मग डावीकडं वळण. बेगम वळणावरच, मेलेली नाही, सुस्त. तिच्या पलीकडं पोकळी. तिच्या पलीकडं वास.

पाय. माणसाचे पाय मातीत, मांडीपर्यंत. मग बाकीचा माणूस.

पत्रावळी एकीत एक घालून ठेवल्यात. चाटून स्वच्छ. लिंबाच्या साली रांगेनं. चपला उशाला. कापलेला दोर मनगटाला गुंडाळलेला.

हात लावला. गरम आहे.

डोळे उघडले. टॉर्च लागला म्हणून मिटले. ओठ हलले. कान लावला —

दत्ता आला का.

जिवंत आहे. अकरा दिवस. माझ्या दहीभातावर. गोमूत्राच्या पाण्यावर. मला माहीत होतं. तेरा तारखेला माहीत होतं.

तीनदा ओढला. मी. माझा दोर. आता बाहेर काढतो, दोघं जाऊ, पोलीस येऊ देत, खोली जाऊ दे, सगळं जाऊ दे —

तीनदा. परत तीनदा.

दोर सैल. ओढला तर नुसताच आत येतोय. हातात टोक आलं. कापलेलं.

फोन लागत नाही. वेळ लिहून ठेवावी म्हणून नोंद वर सरकवली तेव्हा आत्ता दिसलं, कालच्या नोंदीखाली दोन ओळी. मी लिहिलेल्या नाहीत —

‘तुमची सात तारीख वाचली. पुढचं वाचवलं नाही. आज दोर माऊली नाही, दत्तादादा धरणार आहेत. मीच सांगितलं.’

सकाळी फोन चार्जरवरून काढून तिनंच माझ्या खिशात ठेवला. टॉर्चला लागेल म्हणाली.

पुढचं वाचलं नाही. प्रेरणा, पुढचं वाच. आठ वाच. दहा वाच. दोर हलत होता, मी लिहिलंय, हाक येत होती, मी सगळं लिहि —

फोन तर माझ्याकडं आहे.

माती. वळणाकडून. पहिलं घमेलं. बेगम मागे सरकतेय.

ओरडलो. सावळा जिवंत आहे! दत्ता, सावळा आहे इथं, तुझा सावळा! आवाज माझ्याच कानात घुमतो. वर काय जात असेल. मला जे ऐकू यायचं तेच. ते ओ देणार नाहीत. मी तरी कुठं दिली.

दुसरं. तिसरं. मोजतोय. मी एकेचाळीस टाकली होती.

सावळानं माझ्या हातातला दोर घेतलाय. बोटात जीव नाही, तरी ओढतोय. त्याला कापलेलं टोक दिसत नाही. मी सांगितलं नाही. तीनदा. थांबतो. तीनदा.

नऊ. दहा.

विचारतो, वर कोन हाय. मी म्हटलं दत्ता. हसला. माझा हात धरला. म्हणतो, मग घाबरू नगा दादा, मेव्हणा हाय माजा, त्यो दोर सोडायचा न